डोंगराची माहेरची बाजू

काठवालीनं पेला उचलला, बघितला, आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग लगेच तिनं शेजारचे पेलेही उचलून पाहिले.

तिला नाव आहे, पण कारखान्यात ते कुणी वापरत नाही. नवरा वितळलेल्या काचेचा गोळा लांब नळीवर घेऊन लाकडी साच्यात फुंकतो, साच्यात कोरलेला डोंगर पेल्यावर उमटतो, आणि रात्रभर निवलेल्या पेल्यांचे काठ ही सकाळी ओल्या चाकावर घासते. घासून घासून तिच्या बोटांचे ठसेही गेलेत. “आता चोरी केली तरी पचेल,” म्हणते.

खिडकीतून खरा डोंगर दिसतो. सुळका उजवीकडे, धार डावीकडे उतरलेली. या पेल्यावर सुळका डावीकडे होता. डोंगरापलीकडे तिचं माहेर. तिथल्या ओट्यावरून तो अस्साच दिसतो. बरं वाटलं ते म्हणून. पण साच्यात डोंगर उलटा कोरावा लागतो, तेव्हा कुठे काचेवर सुलटा येतो. नवऱ्यानं सुलटाच कोरला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा. आणि दुपारी हॉटेलवाला माल न्यायला येणार होता. सांगावं तर आधीच वाकलेला माणूस आणखी वाकणार. गप्प बसावं तर हॉटेलवाला चारचौघांत त्याची शोभा करणार.

तो भट्टीपाशी स्टुलावर पेंगत होता. ऑर्डर घेतल्यापासून दोन-दोन पाळ्या चालल्या होत्या.

“अहो, हा बघा.”

“काठ तडकला?”

“काठ बरा आहे. डोंगर बघा.”

त्यानं पेला उजेडात धरला. खिडकीकडे पाहिलं. पुन्हा पेल्याकडे.

“सगळे?”

“एका साच्यातले. सगळे नाहीतर काय, निम्मे?”

“कुणी पाहिलं?”

“मी.”

“म्हणजे कुणी नाही.”

“मेहेरबानी.”

तो हसला नाही. “हॉटेलवाल्याला फोन लाव. साचा बिघडला म्हण.”

“माणूस दमलाय म्हणते.”

“साचा म्हण गं.”

ती फोन करून आली तेव्हा तो एकेक पेला काचेच्या चुऱ्याच्या पिंपात टाकत होता. रागानं नाही, शेंगा सोलाव्यात तसा. तिच्याजवळच्या पेल्यासाठी त्यानं हात पुढे केला. तिनं चाक सुरू केलं.

“टाकाऊ पेल्याचा काठ कशाला घासतेस?”

“ओठाला लागेल.”

“कुणाच्या?”

“माझ्या. आमच्याकडून डोंगर असाच दिसतो.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी बघितलात? सासुरवाडीला आलात की जेवायचं आणि आडवं व्हायचं. डोंगर काय उशाशी येणार होता?”

त्यानं पेला घेतला, नळाखाली भरला, अर्धा प्यायला. मग बोटांत फिरवत राहिला.

“धार इतकी सरळ तुटते तिकडून?”

“कोरलीत तुम्ही, मला काय विचारता?”

त्यानं नवं लाकूड ओढलं, कोरणी शोधू लागला. ती तिनं आधीच पदराखाली घेतली होती.

“आज कोरलंत तर तिसऱ्याच गावचा डोंगर निघेल. झोपा आधी.”

“हॉटेलवाला?”

“येईल परवा. डोंगर कुठे पळतोय?”

तो पोत्यांवर आडवा झाला आणि पाय लांब करायच्या आत झोपला. उरलेलं पाणी तिनं पिऊन टाकलं. चुकलेला साचा सरपणाच्या ढिगावर पडला होता. तो तिनं उचलला, वाळून तडकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या बाकाखाली पार आत सरकवला.