पहिल्या दिवशी गप्प

बाईंचा राग सगळ्या वस्तीला ठाऊक होता. तो पोरांवर मात्र कधी निघाला नाही. तो निघायचा पाठीवर सॅक अडकवून शाळेत येणाऱ्यांवर, आणि तोही मनातल्या मनात, कारण शाळा त्या सॅकवाल्यांवरच चालायची.

सतरा वर्षं बाई पत्र्याच्या दोन खोल्यांत पहिली ते चौथी एकटीने शिकवत होत्या. दर पंधरा दिवसांनी शाळा चालवणारी संस्था एक नवा पाहुणा पाठवायची, तिला पैसे भरून पोरांना शिकवायला आलेला. जग बघायला एकटाच निघालेला, विशी-बाविशीतला, चांगल्या मनाचा. हे ‘चांगल्या मनाचा’च बाईंना जास्त झोंबायचं. वाईट मनाच्या माणसाला निदान हाकलता तरी येतं. पाहुणा आला की सकाळचे दोन तास त्याचे. बाईंनी भागाकार अर्ध्यावर सोडून मागच्या बाकावर जाऊन बसायचं आणि पाहुण्याने रंगांची इंग्रजी नावं शिकवायची. रेड, ब्लू, ग्रीन. चौथीतली पोरं ती नावं आजवर साठ-सत्तर वेळा शिकली होती. सातत्य म्हणावं तर ते एवढंच.

तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने पहिल्याच दिवशी लाल कागद वर धरला, तेव्हा सगळा वर्ग एका दमात बारा रंग, आठवड्याचे वार आणि शंभरपर्यंतचे आकडे म्हणून मोकळा झाला. त्याचं तोंड एवढंसं झालं. चौथ्या दिवशी त्याने सॅक उचलली आणि निघून गेला. संस्थेच्या प्रमुखांना सगळे हसरे साहेब म्हणत, कारण पाहुण्यांसमोर त्यांचं हसू कधी मावळत नसे. त्या दिवशी ते न हसता म्हणाले, “बाई, पोरांना एवढं येतं म्हटल्यावर इथे मदतीला कोण येणार? शाळेला कुलूप लावायचंय का?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरांना समोर बसवलं आणि आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा धडा शिकवला. पाहुणा आला की पहिल्या दिवशी गप्प. मान खाली. तिसऱ्या दिवशी दोन रंग सांगायचे, त्यातला एक चुकवायचा. शेवटच्या दिवशी सगळे, अगदी मोठ्याने. पोरांना तो खेळ वाटला. शेवटच्या दिवशी पाहुणे डोळे पुसत फोटो काढायचे, आणि मागच्या बाकावर बाई स्वतःची बोटं मोडत बसायच्या.

या खेळात सगळ्यात पटाईत होती ठिपकी. हनुवटीवर तीळ, म्हणून ठिपकी. चौथीतली. तिची आई पॅकिंगच्या शेडमध्ये खोकी चिकटवायची, आणि चौथीनंतर वस्तीतल्या पोरी आईबरोबर त्याच शेडमध्ये जायच्या. वस्तीत पाचवी नव्हतीच. ठिपकीने जाऊ नये म्हणून बाईंनी तीन वर्षं तिला शाळा सुटल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात शिकवलं होतं. कणीक मळता मळता अपूर्णांक, भांडी घासता घासता इंग्रजी वाचन. शहराजवळच्या निवासी शाळेत या भागासाठी एकच जागा होती. लेखी परीक्षेत ठिपकी पहिली आली. आता फक्त तोंडी राहिली होती.

नेमकी त्याच सुमाराला या खेपेची पाहुणी आली. परदेशात वाढलेली, पण घरच्यांमुळे मराठी बोलणारी, वर्षभर आशिया पालथा घालायला निघालेली. कुठे कासवांची अंडी राखली होती, कुठे हत्ती धुतले होते, कुठे अनाथाश्रमाच्या भिंती रंगवल्या होत्या. ही पंधरा दिवसांत गेली नाही. सहा आठवडे राहिली, आणि पोरांची पंचाईत झाली. पंधरा दिवसांचा अडाणीपणा सहा आठवडे ताणायचा कसा? पण पोरं हुशार. त्यांनी ताणला. पाहुणी खरंच राबायची. पाणी भरायची, पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायची, जुलाबाने बेजार झाली तरी वर्गात यायची. ठिपकीवर तिचा जीव जडला होता.

“बाई, आज ठिपकी चौथा रंग शिकली!” ती नाचत सांगायची.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ‘अगं, ती पोरगी माझ्या ओट्यापाशी बसून गोष्टीचं पुस्तक वाचते,’ असं ओरडून सांगावंसं वाटायचं. मग हसऱ्या साहेबांचा न हसणारा चेहरा आठवायचा, आणि बाई शब्द गिळायच्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पाहुणी हट्टाने बरोबर आली. “तिला धीर वाटेल,” म्हणाली. निवासी शाळेच्या शिपायाने बाईंना दारातच अडवलं. शिकवणाऱ्यांना आत प्रवेश नाही, पोरांना खुणा करतात. बाई बाकावर बसल्या. पाहुणीने मात्र हसून स्वतःचं नाव सांगितलं, गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र दाखवलं, तर त्याने तिला अदबीने आत सोडलं. वर खुर्चीही दिली! सतरा वर्षं बाहेर, सहा आठवडे आत. बाईंनी बाकाची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

दार अर्धवट उघडं होतं. परीक्षक भला माणूस दिसत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर गोड हसू. पोरीची भीती जावी म्हणून त्याने सोप्यातून सुरुवात केली. समोरची निळी फाइल उचलली. “बाळ, याचा रंग इंग्रजीत सांग बघू.”

ठिपकीने त्याच्याकडे पाहिलं. मागे बसलेल्या पाहुणीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान बाईंनी ओळखली. पहिला दिवस. पोरीसाठी हा पहिला दिवस होता.

“रेड, ब्लू... आठवतंय ना, राणी? आपण केलं होतं,” पाहुणी मागून म्हणाली. ठिपकीने मान आणखी खाली घातली. परीक्षकाने फाइल ठेवली आणि लेखी परीक्षेचा पेपर हातात घेतला. त्याचं हसू गेलं होतं. “हा पेपर तूच लिहिलास का गं? की कुणी सांगितलं?”

बाई उठल्या. शिपाई आडवा आला, तर त्याला हाताने बाजूला सारून आत शिरल्या.

“तिनेच लिहिलाय! गप्प बसायला मी शिकवलंय तिला. पाहुण्यासमोर काही येत नाही असं दाखवायचं, हे मी शिकवलं, मी! कारण हिला,” त्यांनी पाहुणीकडे बोट केलं, “हिला शिकवल्याचं समाधान हवं असतं, आणि आमच्या साहेबांना ही हवी असते. तुम्ही तिला पाहुणे वाटलात, साहेब. हिला बाहेर काढा, मलाही काढा, आणि तिच्या हातात कुठलंही पुस्तक द्या.”

पाहुणी पांढरीफटक पडली. “म्हणजे... सहा आठवडे?”

“पहिल्या दिवसापासून,” बाई म्हणाल्या. मग ठिपकीजवळ वाकल्या. “खेळ संपला, बाळा. आज सगळं खरं सांगायचं.”

परीक्षकाने दोघींना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दाराआडून ठिपकीचा आवाज आला. खणखणीत, न अडखळता, पानामागून पान. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. पाहुणी जमिनीवर बसली होती, ओंजळीत तोंड घालून. दार उघडलं तेव्हा परीक्षक एवढंच म्हणाला, “जूनमध्ये पाठवा हिला.”

बाईंना हसू येणार एवढ्यात ठिपकी त्यांच्या शेजारून निघून पाहुणीपाशी गेली. तिचे लाल डोळे पाहिले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “ताई, रडू नको ना. मला ब्लू अजून येत नाही. तू शिकव.”

“ठिपके!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की शिपाई दचकला. “येतं तुला! सांग तिला, येतं म्हणून!”

ठिपकीने पाहुणीच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. यातल्या कुणाला कोणतं उत्तर हवंय, ते ती शोधत होती.