तार पुसणाऱ्याचे चित्र

कुमुदताईंनी मुलांना कारखान्याविरुद्ध शिकवले का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. प्रश्न माझा नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या दुर्गहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढेच तो बोलला. त्याच दुपारी त्यांच्या अंगणात उभी असताना मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम चांगल्या होत्या, पन पोरायले प्लांटच्या विरोधात भडकवत होत्या." मी वळून पाहिले नाही. भिलाईत हा आरोप साधा नाही. येथील कितीतरी घरे त्या पोलाद कारखान्याच्या पगारावर उभी राहिली. कुमुदताईंचे माहेरही त्यांतलेच.

आमची शाळा एकच. मी विज्ञान शिकवत असे, त्या चित्रकला. पर्यावरण हा विषय दिला की ठरलेली चित्रे येत: रडणारी पृथ्वी, करवतीखालचे झाड आणि खाली घोषणा. एका वर्षी त्यांनी तो सारा गठ्ठा मुलांना परत केला. पृथ्वीला रडताना कोणी पाहिले, असे त्यांनी विचारले. "टीवी में, मॅडम," एक मुलगा म्हणाला. "फिर टीवी बना," त्या शांतपणे म्हणाल्या. तेव्हापासून नियम ठरला. डोळ्यांनी पाहिले तेवढेच काढायचे, घोषणा लिहायची नाही आणि रंग विकत आणायचा नाही. घरची खिडकी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसायची, फडके वर्गात आणायचे. त्यातली धूळ डिंकाच्या पाण्यात कालवली की रंग तयार.

दुसऱ्या दिवशी निम्मी फडकी पांढरीशुभ्र आली. फडके शाळेत दाखवायचे आहे, हे कळताच आयांनी खिडक्या आधीच धुऊन काढल्या होत्या. कुमुदताई खुर्चीत बसून हसत राहिल्या. "आपलंच चुकलं वं... शाळा पाहणार म्हटल्यावर कोणती बाई खिडकी तशीच ठेवन?" त्या काही दिवस थांबल्या आणि मुलांना म्हणाल्या, या वेळी घरी आगाऊ सांगू नका. मग रंग मिळाला. कोणाचा तांबूस, कोणाचा राखाडी. ही धूळ कोठून येते, असे मुलांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुझे पक्का नहीं पता. जितना दिखा, उतना बनाओ."

मरोदा वस्तीतल्या प्राचीने आईचे चित्र काढले. कपडे वाळत घालण्याआधी आई तार पुसते आहे, फडके तांबूस झाले आहे, खाली बादलीत वडिलांचा कारखान्याचा गणवेश. पालकांसाठी प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते. भिंतीवर ते चित्र लागले आणि दुपारी तिचे वडील चित्रकलेच्या खोलीत येऊन उभे राहिले. प्राची कोपऱ्यात ब्रश धूत होती.

"मॅडम, मी त्याच प्लांटात कामाले जातो. उद्या सारे येतीन, पाहतीन. मले काय म्हनतीन?"

"भाऊ, चित्रात खोटं असन ते दाखवा. मी आत्ता उतरवते."

ते चित्राजवळ जाऊन पाहू लागले. "तार ही नाही पुसत," चित्रातल्या आईकडे बोट करून ते शेवटी म्हणाले. "हिची पाठ धरते. मी पुसतो, शिफ्टले जायच्या आधी."

कुमुदताईंनी खिळ्यावरून चित्र काढले. प्राचीचे डोळे भरले. ताईंनी तिच्यापुढे नवा कागद ठेवला. आईच्या जागी वडील आले. ते मागे उभे राहून पाहत होते. "मिशी राहिली वं," एवढे बोलून ते शिफ्टला निघून गेले.

मी म्हटले, लावून टाका, त्यांची हरकत दिसत नाही. ताई म्हणाल्या, "हो कुठं म्हणाले ते?" चित्र मेजावर पालथे राहिले, खिळा रिकामा. प्राची घरी जाताना माझ्याशी बोललीसुद्धा नाही. त्या मुलीचा आपल्यावरचा विश्वास आपण गमावतो आहोत, असे मला वाटत होते. कुमुदताईंनाही ते कळत असावे. त्या पुन्हापुन्हा त्या खिळ्याकडे पाहत होत्या.

सकाळी पालक येऊ लागले. प्राचीचे वडील गणवेशातच आले, पाठीमागे आई. त्यांनी भिंत पाहिली. "आमचं कुठं हाय?" ताईंनी मेजाकडे बोट केले. त्यांनी चित्र उचलले, मिशी नीट पाहिली आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवले. मग बाजूला सरून उभे राहिले, विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देता येईल असे.

माझे उत्तर असे आहे: कुमुदताईंनी कारखान्याविरुद्ध शिकवले नाही, त्याच्या बाजूनेही नाही. त्यांनी पाहायला शिकवले, आणि ज्याचे चित्र आहे त्याचा होकार येईपर्यंत थांबायला शिकवले. पण मी त्यांची मैत्रीण आहे. माझ्या शब्दावर विसंबणे योग्य नव्हे. ती सारी चित्रे चित्रकलेच्या खोलीत अजून लावलेली आहेत, काहींची धूळ बोटाला लागते. शाळा सुटल्यानंतर खोली उघडी असते. ज्यांना शंका आहे, त्यांनी कृपया यावे आणि स्वतः पाहावे.