उपाशी बांधी

सुलोचना रामटेके यांच्या बांधीकडे जायचं तर आधी पाय धुवावे लागत. देवळात शिरताना धुतो तसे वरवर नव्हे, चपला बाहेर ठेवून, टाचा घासून. मी लाखांदूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि मुलींना भात संशोधन केंद्र दाखवायला नेलं होतं. इस्त्रीची साडी नेसलेल्या मला तिथं मातीचा अभ्यास करणाऱ्या या बाईंनी सगळ्या वर्गासमोर पंपाकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमच्या चपलेले शेण हाय. माह्या बांधीले शेण चालत नाही."

"अहो, शेणानं शेताचं काय बिघडतं?"

"तेच तं पाहून राहिली ना मी इतक्या वर्षांपासून!"

बांधी म्हणजे आपल्याकडचं चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. या एका बांधीला सुलोचनाबाईंनी कित्येक वर्षं खताचा कण दिला नव्हता. मजूर तिला उपाशी बांधी म्हणत. शेजारच्या बांधीला मात्र दर वर्षी शेणखत मिळे. झाडं हवेतला कर्ब घेतात आणि त्यातला काही मातीत मुरतो. खत घातलेली माती तो किती धरते आणि न घातलेली किती, हे बाई दर वर्षी तपासत. हवा तापत चालली आहे, तिला आवर घालायला हे ज्ञान लागेल, असं त्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगत, तेव्हा लोक हसत.

"हसा," त्या म्हणत. "तुमच्या नातवाइले घाम फुटला का माही आठवन येईन."

मुलांनो, ते नातू म्हणजे तुम्ही.

जपान आणि जर्मनीतले शास्त्रज्ञही हेच काम करत होते. तिन्ही देशांनी एकाच वर्षी, सारख्याच खोलीवरून, सारख्याच रीतीनं माती काढायची आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे, असं ठरलं. प्रत्येकाकडे एक जुनं, बिनखताचं शेत हवं होतं. आपल्याकडे ते बाईंचंच होतं. पत्रांचं इंग्रजी बघून घ्यायला त्या माझ्याकडे येऊ लागल्या आणि आमचं जमलं.

परदेशी शास्त्रज्ञ माती घ्यायला यायचे होते, त्या वर्षी ऐन चिखलणीच्या वेळी त्यांची आई आजारी पडली, म्हणून त्या अड्याळला गेल्या. परतल्या त्या दिवशी मी सोबत होते. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, आलेल्या कौसाबाईनं लांबूनच हाक दिली, "मॅडम, तुमच्या उपाशी बांधीले साहेबानं जेऊ घातलं वं!"

केंद्रप्रमुखांनी गाड्यांच्या गाड्या शेणखत त्या बांधीत घालून वर चिखलणी करून घेतली होती. बाई तशाच त्यांच्या खोलीत गेल्या.

साहेब प्रसन्न होते. "अहो, परदेशी पाहुणे येणार. त्यांना ते पिवळं, मरतुकडं धान दाखवायचं? घरी पाहुणे आले तर आपण फाटकी चादर अंथरतो का?"

"साहेब, उपाशी मानूस कसा जगते ते पाहाचं होतं मले. तुमी त्याले पोटभर चारून म्हनता, पाहा कसा धष्टपुष्ट हाय!"

"मग पुढच्या वर्षी ठेवा उपाशी."

"हे खत वर्षानुवर्षं मातीतून जात नाही, साहेब. तुमाले मालूम हाय."

त्यांना माहीत होतं! तेही कृषिरसायनशास्त्रच शिकले होते. म्हणूनच माझा संताप आजही शमत नाही. गप्प राहण्याची तंबी देऊन त्यांनी बाईंना बाहेर काढलं.

अश्विनात पाहुणे आले. धान छातीला लागत होतं. साहेब हात पसरून सांगत होते, "इतक्या वर्षांत खताचा कण नाही! ही आमच्या भूमीची ताकद!" वयस्क जपानी प्राध्यापकांनी माती काढायची नळी हातात घेतली, तशा बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. साध्या, स्वच्छ इंग्रजीत त्यांनी सांगितलं की या शेताला यंदा खत दिलं आहे. ही माती नेऊ नका, आमचा आकडा तक्त्यात घालू नका.

प्राध्यापकांनी नळी खाली ठेवली. साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंना मात्र त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"देशाची नाचक्की केलीत," साहेब त्या संध्याकाळी गरजले. पुढच्या महिन्यात बाईंची बदली तुमसरला, बियाण्यांच्या गोदामावर झाली. साहेबांना बढती मिळाली. साहेबांच्या निरोप समारंभाला हार होते, भाषणं होती, आणि एका वक्त्यानं त्यांच्या 'आतिथ्यशील स्वभावा'चं कौतुक केलं. मी मधूनच उठून आले.

काही वर्षांनी जपानहून छापील अहवाल आला, तो माझ्या पत्त्यावर. मी एसटीनं तुमसर गाठलं. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये स्टुलावर बसून बाईंनी तक्ता पाहिला. बाकी गावांसमोर आकडे होते. आपल्या गावासमोर एक आडवी रेघ.

"खोटा आकडा नाही गेला, हे बरं झालं," मी म्हणाले.

"हो, बरं झालं." त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "पन बाई, आपला खरा आकडा होता ना वं. इतका जुना आकडा दुसऱ्या कोनापाशीच नव्हता."

गोदामातून निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांनी त्या गेल्या. वय झालं की राग सोडावा, असं मला सगळे सांगतात. मी सोडलेला नाही. तुम्हीही सोडू नका.