तंबाखूची सवय: नाही

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त मान सरांना होता, असं सरांना वाटायचं. खरा मान होता करंगळीएवढ्या एका कुपीला. तिच्या तळाशी पाण्यासारखं थेंबभर काहीतरी असायचं. ती आमची अँटिबॉडी. सशाच्या रक्तातून काढलेली आणि परदेशातून थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर बसून बेळगावला आलेली. तिचं काम एकच: माणसाच्या रक्तातलं इलास्टेज नावाचं विकर शोधायचं. हे विकर फुप्फुसातलं लवचीक प्रथिन तोडतं. थोडं असलं तर बिघडत नाही, फार झालं की फुप्फुस ढिलं पडतं आणि माणसाला चार पायऱ्या चढताना धाप लागते. अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते आणि फिल्मवर रेघ उमटते. विकर कमी तर रेघ फिकट, जास्त तर काळी. एवढं समजलं म्हणजे माझी पीएचडी तुम्हाला समजली. मला समजायला चार वर्षं लागली.

कुपीचे लाड विचारू नका. तिच्या फ्रीझरचं दार कुणी, कधी आणि किती वेळ उघडलं याची वही होती. लाइट गेली की आम्ही आधी तिच्याकडे धावायचो, लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर त्याचा नंबर नंतर. माझ्या वडगावच्या खोलीत शेजारच्या विणकरांच्या मागांच्या खडखडाटानं मला झोप लागत नसे, पण त्याची नोंद ठेवायला कुणी वही केली नव्हती.

आमच्या कामाला दोन प्रकारचं रक्त लागायचं. एक धूम्रपान करून छाती खराब झालेल्यांचं, ते दवाखान्यात हवं तेवढं मिळे. दुसरं निरोगी माणसांचं, आणि तिथं घोडं अडायचं. मग छोट्या प्रयोगशाळांमध्ये जे चालतं तेच आम्ही केलं: घरच्यांना बोलावलं. शास्त्रात निरोगी माणूस म्हणजे बोलावल्यावर सुट्टी काढून येतो तो. सर स्वतः बाही वर करून बसले होते, पण त्यांना साखरेचा त्रास असल्यामुळे शास्त्राचं फार मोठं नुकसान झालं. पन्नाशीच्या पुढची एक बाई कमी पडत होती. मी निपाणीहून आईला बोलावलं.

फॉर्म इंग्रजीत होता, कन्नडमध्ये होता. मराठी फॉर्म संस्थेच्या नैतिकता समितीपुढे मंजुरीला गेला होता आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथंच आहे. म्हणून एकेक प्रश्न मीच आईला मराठीत वाचून दाखवला. विडी ओढता का? न्हाय. तंबाखू, गुटखा? न्हाय. मिस्री लावता का? इथं आई जरा ताठ बसली. तिच्या बरोबरीच्या बायका सकाळ-दुपार दातांना तंबाखूची मिस्री लावत, हिनं जन्मात बोट लावलं नाही, ही तिची अब्रू होती. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, तंबाखूची सवय: नाही.

माझी आई अठ्ठावीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळत होती.

हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. पदराला येणारा तो वास माझ्या लेखी तंबाखूचा नव्हताच, तो आईचा वास होता. त्या वखारीवर मी शाळा शिकले, कॉलेज शिकले, आणि इतकी शिकले की मला वखार दिसेनाशी झाली. बाटली भरल्यावर आईनं विचारलं, माझं रक्त उपयोगाचं आहे ना? मी म्हटलं, फार. त्या दिवशी ती खडेबाजारात बांगड्या घ्यायला निघाली, तर तीन वेळा दुकानांपुढे उभी राहिली. मला वाटलं, बघायची हौस. चल गं लवकर, मला रक्त फ्रीझरात ठेवायला जायचंय, असं मी तिच्या अंगावर खेकसले. ती निमूट चालली. परत गेल्यावर तिनं बुद्धविहारातल्या सगळ्या बायकांना सांगितलं की लेकीच्या पुस्तकात माझं रक्त आहे.

पंधरा दिवसांनी फिल्म निघाली. निरोगी एक ते सहा, फिकट. निरोगी सात, काळीभोर. शेजारी वीस-वीस वर्षं विड्या ओढलेल्या बाप्यांच्या रेघा होत्या, त्यांनाही लाजवणारी. सात नंबर आई होती.

सरांनी फिल्म उजेडात धरली आणि निदान केलं, की अँटिबॉडी खराब आहे. मग चौकशी बसली. फ्रीझरची वही तपासली. कुरियरवाल्याला फोन झाला. बर्फ कुठे वितळला, धारवाडला की कित्तूरला, यावर अर्धा दिवस गेला. सशाचीही चौकशी झाली असती, पण तो परदेशात होता. सात नंबरच्या बाईला कुणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. नवी कुपी मागवली.

ती येईपर्यंत दर रविवारी आईचा फोन. काय निघालं गं माझं? मी सांगायचे, नॉर्मल. सॅम्पलवर तसंच लिहिलेलं होतं, त्यामुळे हे तसं खोटंही नव्हतं, अशी मी माझी समजूत काढत असे. फोनवर ती मध्येच खोकायची. तो खोकला मी लहानपणापासून ऐकत होते, घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखा. तंबाखूचा खकाणा बसला घशात, असं ती म्हणायची आणि पुढचं बोलायची.

नवी कुपी आली, वाजतगाजत फ्रीझरात बसली. पुन्हा फिल्म काढली. सात नंबर जास्तच काळा. आता अँटिबॉडीला दोष देता येईना, म्हणून सरांनी आईला दिला. "ही वेगळीच केस आहे, हिला काढून टाक," ते म्हणाले. "दुसरी नॉर्मल बाई आण. तुमच्या निपाणीकडे बायकांना काय तोटा?"

मी लाल पेनानं सात नंबर खोडला. खरं सांगते, फार वाईट वाटलं नाही. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती, आणि एका रेघेमुळे चार वर्षं पाण्यात घालवायची माझी तयारी नव्हती. वाईट आत्ता वाटतं. दुसरी नॉर्मल बाई म्हणून मी कुणाला आणलं? आमच्या शेजारच्या आक्काला. आई आणि आक्का एकाच वखारीत, समोरासमोर बसून तंबाखू चाळायच्या. फॉर्म पुन्हा मीच भरला. तंबाखूची सवय: नाही.

आक्काची रेघ आईइतकीच काळी निघाली. सरांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. मग त्यांनी विचारलं, "निपाणीच्या पाण्यातच काही आहे का?" चार वर्षांत त्यांचा हा पहिला प्रश्न असेल, ज्यानं मला काही शिकवलं. पाण्यात नाही, हे मला त्या क्षणी कळलं. दोघी मला समोरासमोर बसलेल्या दिसल्या, मधे चाळण, आणि तंबाखूच्या धुळीच्या खकाण्यात त्यांची तोंडंही नीट दिसेनात. अँटिबॉडीनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला मराठी, कन्नड, इंग्रजी काहीच वाचता येत नव्हतं, म्हणून आमच्या फॉर्मनं ती फसली नाही. मला तिन्ही येत होत्या.

रविवारची वाट न बघता मी निपाणीची बस पकडली. आई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तुझं नॉर्मल नव्हतं, मी खोटं बोलले, एका रेघेवरून रोग ठरत नाही पण उद्या छाती तपासायला चल. ती रोगाचं काही बोलली नाही.

"म्हंजे पुस्तकात न्हाय व्हय मी?"

"खोडलं तुला," मी म्हटलं.

तिनं मेथीच्या दोन काड्या निवडल्या. "विडी इच्यारलीस, मिस्री इच्यारलीस. वखारीचं कुठं इच्यारलंस गं? सांगितलं नसतं व्हय मी?"

मला रडू आलं, आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं.

फॉर्ममध्ये मी नवा रकाना घातला: तंबाखूत काम, किती वर्षं. सरांना तो आधी आगाऊपणा वाटला. नंतर एका परिषदेत वखारीतल्या बायकांचा वेगळा गट करण्याची कल्पना आपल्याला कशी सुचली, हे त्यांनी फार सुरेख सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी मी आईला बेळगावच्या एका दवाखान्यात नेलं. नळीत जोरात फुंकायचं होतं. तंत्रज्ञ म्हणाले, आजी, जोरानं. आईनं फुंकलं. अजून जोरानं. तिचे डोळे पाण्यानं भरले, गळ्याच्या शिरा टरारल्या, आणि पडद्यावरची रेघ जरा वर चढून आडवी झाली. माझ्या फिल्मवर काळी निघालेली तीच गोष्ट होती. खडेबाजारात ती तीन वेळा का थांबली, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत, सवयीनं विचारलं, तंबाखू? पडद्यावर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. आईच्या अंगावर धुवट पांढरं पातळ, ओठ स्वच्छ. तिच्याकडे एकदा बघून त्यांनी बाण 'नाही'वर नेला.

"हो," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही चार माणसांत मी तिच्यावर आळच घेतलाय. मी मान खाली घातली नाही. ती थोडा वेळ दम खात बसली.

"व्हय म्हणून लिवा सायेब," ती म्हणाली. "कदी खाल्ली न्हाय. पर व्हय."