राहतो कुठं आणि असतो कुठं: प्रश्न शिकायला रत्नागिरीला

प्रश्न विचारायला शिकवतात, आणि तेही चार दिवस, हे ऐकून बायको मनापासून हसली. तिच्या मते हे काम मी कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय उत्तम करतो. पण मला जाणं भाग होतं. मी कोल्हापुरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करतो आणि नोकरी सांभाळून समाजशास्त्रात पीएच.डी. करतो. करतो म्हणजे रेटतो. विषय कोकणातल्या ओस पडलेल्या घरांचा. माझ्या मार्गदर्शक सरांनी गेल्या भेटीत सरळ सांगितलं होतं की मुलाखतींतून काही धड हाती लागत नसेल तर आता थांबलेलं बरं, मुदतवाढ मागायलाही काही कारण लागतं. तेवढ्यात रत्नागिरीच्या एका महाविद्यालयाचं पत्रक आलं. विद्यापीठांतले कर्मचारी आणि संशोधक विद्यार्थी यांच्यासाठी संशोधन कौशल्यांचं शिबिर, राहण्याची सोय वसतिगृहात. म्हटलं, बुडायचंच तर समुद्राजवळ बुडू.

दिवाळी नुकतीच झाली होती. कोल्हापूरहून सकाळची एसटी घेतलीत तर दुपारच्या जेवणाला रत्नागिरीत पोचता. मलकापूरला चहा मिळतो आणि मग आंबा घाट सुरू होतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी चहाच्या मोहात पडू नये, मी पडलो. घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. साखरप्याला बस थांबली तेव्हा गरम बटाटावडा खाल्ला आणि पोटाशी तह केला. पालीला महामार्ग लागतो. तिथून पुढे रस्त्याची कामं चालू असल्याने वेळ थोडा हाताशी ठेवून निघा. भातं कापून झाली होती, खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या आणि कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं.

शिबिरात आम्ही वीसेक जण होतो. निम्मे विद्यार्थी आणि निम्मे माझ्यासारखे, ज्यांना विद्यार्थी अगोदर सर म्हणतात आणि मग हेही विद्यार्थीच असल्याचं कळल्यावर ओशाळतात. शिकवायला दामले मॅडम होत्या. निवृत्त प्राध्यापक, आवाज इतका हळू की सगळा वर्ग पुढे झुकून बसायचा. पहिला दिवस प्रश्न कसा तयार करावा यावर गेला. प्रश्नात उत्तर लपवू नये, एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नयेत. हे सगळं मला पाठ होतं, त्यामुळे मी खिडकीतून नारळ बघत होतो.

संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर गेलो. मुक्कामात एक संध्याकाळ तिथे द्याच, गर्दी फार नसते आणि पाण्यात उतरायचा हट्ट धरला नाही तर छान वाटतं. रात्री बाजाराजवळच्या साध्या खाणावळीत बांगड्याची थाळी आणि सोलकढी घेतली. दोनशेच्या आत पोट भरलं. मागून घेतलेली दुसरी सोलकढी वाढप्याने हिशेबात धरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष मुलाखती. जोड्या पाडल्या होत्या, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मधे बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत, ही मॅडमची सक्त ताकीद. माझ्या जोडीला मुमताज मॅडम आल्या. त्या तिथल्याच एका महाविद्यालयात शिकवतात, घर खाडीकाठच्या गावात, नवरा बोटीवर नोकरीला. त्यांच्या ओळखीतून आम्ही लांज्याजवळच्या एका वाडीत गेलो. लांज्यापर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा, हा मार्ग सोपा आहे. लांज्याला काजू घ्यायचे असतील तर येताना घ्या, जाताना घेतले तर रिक्षातच संपतात.

घर चिऱ्यांचं, अंगण शेणाने सारवलेलं. शेवंतीकाकी आणि त्यांचे यजमान असे दोघेच दिसत होते. दोन खोल्यांना कुलपं होती. माझ्या विषयाला याहून चांगलं घर मिळालं नसतं. काकींनी घावणे केले होते. सोबत नारळाचा रस. मी चार खाल्ले, मग रेकॉर्डर लावून पहिला प्रश्न विचारला की घरात किती माणसं राहतात. काकी म्हणाल्या, सात. मी कुलपांकडे बघितलं. म्हटलं, प्रत्यक्ष राहणारी सांगा. त्या पुन्हा सातच म्हणाल्या आणि नावं घेऊ लागल्या. थोरला, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, धाकटा, आणि हे दोघं. मुमताज मॅडमनी वाटेत सांगितलं होतं, म्हणून मी विचारलं की धाकटा तर मुंबईत राहतो ना. त्यावर त्या काहीतरी बोलल्या आणि हसल्या. यजमानही हसले. मुमताज मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांनाही हसू आवरत नव्हतं असं मला वाटलं. मी कागदावर ‘दोन’ लिहिलं आणि शेजारी शेरा मारला, उत्तर विसंगत.

परतीच्या बसमध्ये मी वैतागलो होतो. आतापर्यंतच्या सगळ्या मुलाखतींत मला हेच येत होतं. लोक आकडा फुगवून सांगतात. माझा सगळा प्रबंध अशा शेऱ्यांनी भरलेला होता आणि सर थांबा म्हणत होते ते काही उगाच नाही. मुमताज मॅडम म्हणाल्या, उद्या ऐकू या, घाई नको. त्यांच्या गावाकडचा हेल असा आहे की वाक्य शेवटाला किंचित वर चढतं, त्यामुळे त्या समजूत घालतात की चिडवतात ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायचं होतं. दामले मॅडम फळ्यावर लिहून गेल्या होत्या, कानावर पडलं तेच लिहा, सुधारू नका. मी भराभर लिहिलं आणि कागद मुमताज मॅडमकडे तपासायला दिला. त्या कानाला हेडफोन लावून ऐकत होत्या. एका ओळीवर थांबल्या. मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

“इथे तुम्ही लिहिलंय, धाकटा मुंबईच्या घरी राहतो. काकी असं बोलल्या नाहीत.”

मी हेडफोन घेतला. काकींचा आवाज स्वच्छ होता.

“ऱ्हातो कुठं? खोलीवर असतो. ऱ्हायला घर हाय ना हितं.”

मी तीन वेळा ऐकलं. काकी ‘खोली’ म्हणाल्या होत्या आणि मी ‘घर’ लिहिलं होतं. त्या ‘असतो’ म्हणाल्या होत्या आणि मी ‘राहतो’ लिहिलं होतं. मुद्दाम नाही. कानाने ऐकलं आणि हाताने शुद्धलेखन तपासल्यासारखं सुधारून टाकलं. मुंबईत जन्म गेला तरी तिकडची ती खोली आणि गावचं ते घर, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. मुमताज मॅडमना ते कालच कळलं होतं, पण ताकीद होती म्हणून त्या गप्प बसल्या. माझा प्रश्न होता घरात किती माणसं राहतात. काकींनी त्याचं तंतोतंत उत्तर दिलं होतं.

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्याहून जास्त भीती वाटली, कारण आधीच्या साऱ्या मुलाखती मी अशाच उतरवल्या होत्या. मुमताज मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“माझ्या घरात चार माणसं,” त्या म्हणाल्या. “एक बोटीवर असतो. मला विचारलं असतं तर तुम्ही माझ्यापुढेही विसंगत लिहिलं असतं.”

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. मी कालच्या कागदावरचा शेरा खोडला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपलं काम सगळ्यांपुढे मांडायचं होतं. मी ती एक ओळ ऐकवली आणि माझी चूक सांगितली. वर्ग हसला, पण वाईट हसला नाही. लांज्याकडचा एक विद्यार्थी म्हणाला की गणपतीत आलात तर कुलपं दिसणार नाहीत आणि झोपायला जागाही मिळणार नाही. दामले मॅडमनी एवढंच विचारलं, “मग घरं ओस आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” कुणीच नाही, असं मी कबूल केलं.

दुपारी मांडवीच्या धक्क्यावर बसून सरांना फोन लावला. समोर होड्या परतत होत्या आणि वारा इतका की मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. रेकॉर्डिंग सगळी शाबूत आहेत, पण पुन्हा ऐकून पुन्हा उतरवावी लागतील आणि प्रबंधाचं नावही बदलावं लागेल. सर म्हणाले की मुदतवाढीसाठी हे कारण म्हणून लिहून द्या, मी सही करतो, पुढचं समितीच्या हातात. पहिल्यांदाच त्यांनी थांबा हा शब्द काढला नाही. मी त्या आनंदात आंबापोळीची दोन पाकिटं जास्त घेतली. आंबापोळी घ्यायची तर छोट्या घरगुती दुकानातून घ्या आणि आधी चव बघा.

परतताना घाटात चहा घेतला नाही, त्यामुळे प्रवास सुखाचा झाला. रात्री आठच्या सुमारास घरी पोचलो. समिती काय ठरवेल ते अजून मला माहीत नाही. रोज कामावरून आल्यावर हेडफोन लावून बसतो आणि जुने आवाज ऐकतो. पुष्कळ ठिकाणी माणसांनी मला नीट सांगितलेलं आहे.

पण एक गोष्ट आल्या दिवशीचीच सांगायची राहिली. बायको पोळ्या लाटत होती. आमची मुक्ता दोन वर्षांपूर्वी पुण्याला शिकायला गेली, तिथे होस्टेलला असते. तेव्हापासून मला कुणी विचारलं तर मी घरात दोघेच असं सांगत आलोय, गॅसवाल्यालाही आणि पाहुण्यांनाही. ‘राहतात’ हा शब्द वगळून केलेला नवा प्रश्न कुणावर तरी करून बघायचा होता, म्हणून तिलाच विचारलं की आपल्या घरात किती माणसं.

“तीन,” ती मान वर न करता म्हणाली.

“मुक्ताला धरून?”

तिचं लाटणं थांबलं. “म्हणजे? तुम्ही धरत नाही?”