शाळा सोडल्याचे कारण

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभा होतो. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. माझ्यापुढे चौघे होते. मोबाइल वाजला, भाची चित्रा होती, आणि ती म्हणाली, "मामाजी, आई गेली." सकाळी भाताचं आधण ठेवता ठेवता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी फोन खिशात ठेवला, पण रांग काही सोडली नाही. माझा नंबर लागेपर्यंत उभा राहिलो, सही केली, शिक्का नीट उमटला की नाही तेही पाहिलं, आणि मगच नागभीडच्या स्टँडवर जाऊन चंद्रपूरची गाडी धरली. पुढे घरात हे कळलं तेव्हा आमच्या हिनं विचारलं, की तुम्ही माणूस आहात की कागद.

मंदा माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी हायस्कूलचा हेडमास्तर म्हणून रिटायर झालो. हजेरीपट, दाखले, जावक क्रमांक यांत माझं आयुष्य गेलं आणि खोटं कशाला बोलू, त्यातच मला बरं वाटायचं. तिचे यजमान मधुकरराव जंगल खात्यात. त्यांची बदली झाली भामरागडला, चित्रा तेव्हा सहा वर्षांची आणि बाळू चारचा. नद्यांना पूर आला की रस्ता बंद, मास्तर गावाला गेलेला तो दिवाळीपर्यंत गावालाच. शाळेला कुलूप. मंदा स्वतः अकरावी शिकलेली. तिनं पाट्या काढल्या आणि घरीच सुरू केलं. इथपर्यंत मलाही पटलं होतं, नाइलाज म्हणून. पुढे सिरोंचाला बदली झाली, तिथं शाळा होती, मास्तर होते, तरी हिनं पोरांना घातलं नाही. नाव भामरागडच्या पटावर चौथीपर्यंत नुसतं चालू ठेवलं. मी पत्रातून रागावलो. तिचं उत्तर आलं, की भाऊ, नदीवर मासे धरणाऱ्या बायांकडून पोरगी तेलगू शिकून राह्यली, पडक्या किल्ल्यात बसून पाढे म्हणते, तिले चार भिंतीत काऊन कोंडू? मी त्यावर पत्रच लिहिलं नाही दोन महिने.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत ते चंद्रपूरला आले, आणि मग तर तिच्या सहलींना ऊतच आला. सहल म्हणजे काय, तर पिशवीत शिळ्या पोळ्या, गुळाचा खडा, पाण्याची एक बाटली आणि पायी. कधी बसनं भद्रावतीच्या लेण्या, कधी वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळं, पण बहुतेक वेळा गावातलाच परकोट. गोंड राजांनी बांधलेली ती भिंत अख्ख्या चंद्रपूरला वेढून आहे आणि अख्खं चंद्रपूर तिच्याकडे पाठ करून बसलेलं. मंदा पोरांना घेऊन ती तुकड्या तुकड्यांनी चालली. आज जटपुरा गेटपासून इथवर, पुढच्या बुधवारी तिथून पुढे. खिडक्या, म्हणजे भिंतीतले लहान दरवाजे, मोजायच्या, कुठली चोर खिडकी, कुठली मसण खिडकी, नाव का पडलं ते तिथल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचं. पुस्तक आधी उघडायचं नाही, हा तिचा नियम. आधी पाहायचं, मग विचारायचं, आणि घरी आल्यावर जो सोबत आला नाही त्याला बसवून सगळं सांगायचं. हे सांगितल्याशिवाय सहल संपत नसे. मधुकरराव ड्यूटीवर असले तर शेजारीण सापडायची, आणि मी मुक्कामाला असलो की मी. मी नेहमीच न आलेल्यांत असायचो, त्यामुळे माझी चांगली सोय होती.

एकदा पोरं फार फुलून आली होती. जटपुरा गेटावर दगडात हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे, आणि त्याच्या बरोबर खाली गफूरचाचांचं दुकान, टिनाचे डबे आणि चाळण्या करायचे ते. चित्रानं त्यांना विचारलं, चाचा, ते वरचं काय आहे? चाचांनी हातोडी थांबवली. म्हणाले, तीस साल से इसके नीचे बैठा हूं बेटी, ऊपर कभी देखा ही नहीं. आणि उठले, रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून किती तरी वेळ वर पाहत राहिले. सायकलवाले घंट्या वाजवून थकले. मग त्यांनी शेजारच्या पानवाल्याला बोलावलं, मग शिंप्याला... चित्रा हे मला हातवारे करून सांगत होती आणि मी विचारलं, ते ठीक आहे, पण गोंड राजांची वंशावळ पाठ झाली का? पोरीचे हात खाली आले. मंदा आतून भांडी घासता घासता म्हणाली, "भाऊ, तुमी एक खेप चाला ना आमच्यासंगं." मी म्हटलं, बघू.

खरं सांगतो, मला लाज वाटायची तिची. हेडमास्तरची भाची शाळेत नाही, हे बैठकीत कोणी तरी हसत विचारायचंच. पोरगी हुशार होती, त्यामुळे अधिकच राग यायचा. म्हणून चित्रा दहावीच्या वयाची झाली आणि मंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून माझ्याकडे नागभीडला आली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. शाळेत न जाणाऱ्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचं असेल तर हा फॉर्म, तो आमच्या हायस्कुलातून बोर्डाकडे जायचा. चला, एकदाची गाडी रुळावर आली. मंदाला बसस्टँडवर सोडून आलो, चष्मा लावला आणि फॉर्म तपासायला बसलो. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, फोटो चिकटवलेला, दोन वेण्या, लाल रिबिनी. खाली एक रकाना होता, 'शाळा सोडल्याचे कारण'. तिथं मंदानं आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'सोडली नाही. चालू आहे.'

डोकंच फिरलं माझं. बोर्डाची थट्टा करते की काय ही? असा फॉर्म मी, माझ्या सहीनं पाठवायचा? दुसरा कोरा फॉर्म मागवून तिच्याकडून नीट लिहून घ्यावा, असं ठरवून मी तो घरच्या टेबलाच्या खणात टाकला. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं फक्त. पण आज टाकू, उद्या टाकू, आणि मनात कुठं तरी असंही होतं, की येऊ दे की हिलाच विचारायला, समजू दे जरा. धान कापणीचे दिवस, शाळेची तपासणी आली, त्यात मी गुंतलो. तपासणीच्या धावपळीत बोर्डाची तारीख येऊन गेली, आणि मला आठवलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. खण उघडला, फॉर्म तसाच होता, रिबिनींसकट.

हे सांगायला मी चंद्रपूरला गेलो होतो हो, खरंच गेलो होतो. मंदा दारात सुपानं तांदूळ पाखडत होती. ती उठून म्हणाली, आला का आमच्या पोरीचा नंबर? आणि माझ्या तोंडून निघालं, की फॉर्म बोर्डानं परत पाठवला, त्या एका ओळीपायी, आणि आता तारीखही गेली. अगोदर ठरवलेलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एक खाडाखोड केली नाही मी आणि सख्ख्या बहिणीपुढं हे असं फडाफडा बोलून गेलो. ती खाली बसली. तिनं ना रडारड केली, ना बोर्डाला शिव्या दिल्या. सुपातले खडे तसेच निवडत राहिली आणि म्हणाली, "माह्याच हातानं वरीस घालवलं मी पोरीचं." त्या वेळी बोलायला हवं होतं. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

चित्राचं एक वर्ष गेलं, ते गेलंच. पण त्याहून वाईट म्हणजे मंदानं सहली बंद केल्या. गाइडं आणली, अपेक्षित प्रश्नसंच आणले, पोरीला खोलीत बसवलं आणि स्वतः दाराशी उशी घेऊन बसून राहिली. बाळू एकटाच परकोटावर चढायचा म्हणून त्याला मार बसला, असं मधुकररावांच्या पत्रात होतं. परकोटाचा शेवटचा तुकडा, पठाणपुऱ्याकडचा, तेवढा चालायचा राहिला होता. तो राहूनच गेला. पुढच्या वर्षी ती नवा फॉर्म घेऊन आली, त्या रकान्यात अगदी सरकारी अक्षरात 'कौटुंबिक अडचण' लिहिलेलं. मला दाखवून विचारलं, आता बरोबर आहे ना भाऊ? मी सही केली. चित्रा पहिल्या वर्गात पास झाली, पुढे शिकली, आता भद्रावतीला पोस्टात आहे. सगळं नीट झालं असं लोक म्हणतात, मीही म्हणायचो. पण दर भेटीत मी ठरवून जायचो की आज सांगू, आणि दर भेटीत न सांगता परत यायचो. भित्रा माणूस मी, दुसरं काय.

शेवटची भेट या भाऊबीजेची, ती आमच्याकडे आली होती. पोरं मोठी झाल्यावर तिचं फिरणं हळूहळू पुन्हा सुरू झालं होतं, एकटीचंच. ओवाळून झालं आणि ती म्हणाली, तुमच्या नागभीडच्या बाजूला शेतात मोठाले दगड गोल मांडले आहेत म्हणे, हजारो वर्षांआधीच्या माणसांनी, त्यांच्या मेलेल्यांसाठी. मी नागभीडला जन्म काढला, ते दगड पाहिले नव्हते. गुडघ्यांचं कारण सांगितलं. ती ऑटो करून एकटी गेली, दुपार टळल्यावर उन्हानं लाल होऊन आली, आणि नियमाप्रमाणे माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसून सगळं सांगायला लागली. कोणता दगड कसा कलला, गुराखी काय म्हणाला, मधे कसं बोरीचं झाड उगवलं... आणि मला झोप लागली. जागा झालो तर माझ्या पायांवर शाल होती आणि ती दुसऱ्या खोलीत पिशवी भरत होती. "थकले तुमी, भाऊ," एवढंच बोलली. दोन आठवड्यांनी ती गेली.

तेरवीनंतरच्या रविवारी चित्रा आली. म्हणाली, आई शेवटी कुठं गेली होती ते दाखवा. मी खणातून तो फॉर्म काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. ऑटोवाल्यानं कापलेल्या धानाच्या बांधीपाशी सोडलं, तिथून आम्ही चालत गेलो, माझ्या गुडघ्यांसाठी तीनदा थांबत. दगड होते तसे उभे होते. काही माझ्या छातीएवढे, काही गवतात बुडालेले. चित्रा आईसारखीच आधी एकदा सगळ्याला वळसा घालून आली. ती बसल्यावर मी फॉर्म तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, पोस्टकार्डापासून सुपातल्या खड्यांपर्यंत. तिनं फॉर्म उलगडला. रिबिनी पाहिल्या, ती ओळ वाचली. हसेल असं वाटलं मला, पण ती हसली नाही.

"आईनं माही दोनदा माफी मागितली होती, मामाजी," ती म्हणाली. "या ओळीपायी."

तिनं मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. फॉर्म जुन्या घड्यांवर नीट दुमडून तिनं माझ्याच खिशात परत ठेवला. मग पिशवीतून पोळी काढली, अर्धी मला दिली. शिळी होती. आम्ही दगडाला टेकून ती खाल्ली. निघताना तिनं विचारलं, आता घरी जाऊन कोणाले सांगान?

ती गाडीनं गेली तेव्हा चारच वाजले होते. घरी आलो, पाय धुतले. वेताची खुर्ची भाऊबीजेपासून तिथंच होती, हिनं हलवू दिली नव्हती. मी माझी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आमची ही दारात येऊन पाहून गेली. मी सांगायला सुरुवात केली. मंदा, बोरीचं झाड आहे अजून, बोरं धरली आहेत. पूर्वेकडचा दगड तू म्हणाली होतीस तेवढा कललेला नाही, किंवा मला तसा दिसला नाही. गुराखी भेटला नाही. आम्ही पोळी खाल्ली... हे सगळं सांगून झालं, आणि मग मी खिशातला फॉर्म काढून तिच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणालो, मंदा, बोर्डानं फॉर्म परत पाठवला नव्हता. मी पाठवलाच नव्हता. तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं.