सांगलीच्या स्थळाचा जपानी खेळ

निमिष सत्तावीस वर्षांचा, शिरवळच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याला राक्षस मारायचा नाद. आमच्या श्रद्धासाठी हे स्थळ आलं, म्हणून आम्ही साताऱ्याहून सांगलीला त्यांच्या घरी गेलो.

चहा झाल्यावर दोघांना बोलायला आतल्या खोलीत पाठवलं. पाऊण तास झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी डोकावले. दोघं टीव्हीसमोर जमिनीवर बसलेली. त्याच्या मामाने सिंगापूरहून आणलेल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर या गृहस्थाचा जपानी खेळ चालू होता. चार बाहुले, त्यात एक वैद्यीण, गावोगाव हिंडतात, राक्षस मारतात आणि नवी तलवार विकत घेतात. असा एक भाग संपायला साठ तास लागतात, आणि याने तीन संपवलेत. तेवढ्या वेळात माणूस एखादी परीक्षा पास होतो.

"सगळं जपानीत, मग कळतं कसं?" मी विचारलं.

"वही केलीय काकू. कोणत्या खुणेचा अर्थ काय, ते लिहून ठेवतो."

"कारखान्याची कामंही लिहून ठेवता ना?"

"आई, थांब गं जरा," श्रद्धा म्हणाली. "आमची वैद्यीण मरायला टेकलीय."

परतताना एसटीत मी यांना म्हटलं, "पत्रिका जुळत नाही, असं कळवून टाका." सभ्य नकाराची आपली तीच रीत.

"तीस गुण जुळतात, हे तूच त्यांच्या आईला दोनदा सांगितलंस," श्रद्धा म्हणाली.

"मग आता नकार द्यायचा कसा?"

"देऊ नका. रविवारी तो आपल्याकडे येतोय." ती म्हणाली, "यंत्र घेऊन."